नारळाचा फेटा

शेतवस्ती, टेंभुर्णी
२ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंना मोनिकाचा पाया पडून नमस्कार.

पाडव्याला तुम्ही फोनवर म्हणाल्या, "आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलणार न्हाई," अन् खरंच फोन उचलून न्हाई राह्यल्या. बरं, नका बोलू. पण तुझं लिहिलेलं वाचणार न्हाई, असं काही तुम्ही म्हणाल्या न्हाईत. म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या नातीची खबर. साळूला खाली दोन दात आले. भाकरीचा पापुद्रा हातात दिला की तासभर गप बसते, अन् तोंडात बोट घातलं की असं करकचून चावते की डोळ्यांत पाणी येतं. मोटार चालू झाली की तिला हौदाच्या पाइपाखाली बसवते. डोक्यावर पाणी पडलं की आधी श्वास धरते अन् मंग खिदळत सुटते. कोकराच्या मानेला धरून उभी राहायला शिकली. कोकरू हललं की दोघं बी आपटतात, अन् रडतं कोकरूच. "गावातलं घर सोडून रानात कशाला राहता, लेकराला काय मिळणार तिथं," असं तुम्ही म्हणायच्या ना? लिंबाचा मोहर मिळतो. बाजेवर पडल्या पडल्या तिच्या अंगावर सांडतो अन् ती मुठीत धरून खाते. कडू लागला की तोंड वाकडं करते अन् परत खाते. लेक कोणाची आहे!

आता ज्याच्यावरून भांडण झालं ते. साळूला अकरावा महिना लागला. वर्ष उलटलं की जावळ तिसऱ्या सालावर जातं, हे तुम्हीच सांगितलं. तिचं डोकं आत्ताच घामोळ्यांनी भरलंय. म्हणून अक्षयतृतीयेला जावळ काढायचं ठरवलं, इथंच लिंबाखाली. हे म्हणतात, "मेंढ्यांची कातरणी बी तवाच आहे, एकदमच उरकून टाकू." ह्यांना मी काय म्हणाले ते पत्रात लिहीत न्हाई.

लेकरू मामाच्या मांडीवर बसतं अन् केस आत्याच्या पदरात पडतात. मला भाऊ न्हाई. माझ्या पाठची बहीण प्रेमला आहे. मामाच्या जागी तीच बसंल, डोक्याला फेटा बांधून. अन् केस तुमच्याच पदरात पडले पाहिजेत. पाडव्याला एवढंच सांगत होते, तर तुम्ही फोन कापला. तुम्ही आल्या न्हाईत तर ते केस मातीत पडतील. प्रेमला न्हाई बसली तर मी जावळच काढणार न्हाई. दोन्ही मला पाहिजेत अन् दोन्ही मी घेणार.

उत्तर द्यायचं असलं तर राजूरच्या स्टँडवर दुपारच्या टेंभुर्णी गाडीच्या कंडक्टरबाईकडं द्या. ती बराबर पोचवते.

तुमची भाचेसून,
मोनिका

---

राजूर
६ एप्रिल

मोनिका हिस आशीर्वाद.

बोलणार न्हाई म्हणले ते म्हणलेच. त्याच्यामुळं लिहून राह्यले. मी चौथी शिकलेली हाये, अक्षराला हसायचं न्हाई.

पोरीला पाइपाखाली बसवू नको. टाळू भरली न्हाई अजून तिची. खोबरेल घाल. लिंबाचा मोहर खाल्ला तर खाऊ दे, पोट साफ राहतं. खालचे दात आधी आले ते झाक झालं. वरचे आधी आले असते तर मामावर भार पडला असता.

आता तुझं ते दुसरं. अगं, जावळ हाये का शाळेतलं गॅदरिंग? बाईला फेटा बांधून मामा म्हणून बसवायची? भावकी काय म्हणंल? रखमाजी भाऊजी थोरले हायेत आपल्यातले, ते ताटावरून उठून जातील. तुला सख्खा भाऊ न्हाई, पण चुलत तर हाये ना बिभीषण. चांगला हट्टाकट्टा हाये. गाडीवर येईल, मांडीवर घेईल, झालं. एवढी सोपी गोष्ट अन् तू तिचा डोंगर करून राह्यली.

बिभीषण बिलकुलच नको असला तर आपल्यात एक रीत हाये. पूर्वी माणसं मेंढरं घेऊन आठ आठ महिने लांब जायची. जावळाला मामा गावात नसायचा. तवा नारळाला फेटा गुंडाळायचा, पाटावर ठेवायचा अन् लेकरू त्याला टेकवून बसवायचं. नारळ म्हंजी मामा. देवाला चालतं, भावकीला बी चालतं. माझ्या पोराचं, वसंताचं दुकान देवळाच्या वाटेवरच हाये, नारळाला तोटा न्हाई. चांगला भरीव बघून पाठवते.

प्रेमलाचं नाव परत काढू नको.

गोपिकाबाई

---

शेतवस्ती
९ एप्रिल

ती. आत्याबाईंना नमस्कार.

पत्र वाचून मी इतकी हसले की हे मेंढ्या सोडून पळत आले. मंग वाचून दाखवलं तर हे हसले न्हाईत. म्हणाले, "आत्याचं बी बराबर हाये." त्या दिवशी मी ह्यांना कालवणात मीठच घातलं न्हाई.

आत्याबाई, नारळ चालतो? ज्याला हात न्हाई, पाय न्हाई, ज्याला आपण दुसऱ्या दिवशी फोडून चटणी करतो, तो साळूचा मामा झालेला चालतो, अन् माझी जित्ती बहीण चालत न्हाई? वरचे दात आधी आले असते तर भार कोणावर पडला असता, चटणीवर?

बिभीषणचं सांगते. माझे बापू दवाखान्यात होते तवा तो एक डाव आला न्हाई. ते बी मी सोडून दिलं असतं, माणसाला कामं असतात. पण दहाव्याला सगळ्या पाहुण्यांत उभा राहून तो म्हणाला, "ह्या घराला पोरगा न्हाई, आता इथं दिवा कोण लावणार." प्रेमला तिथंच बसलेली होती. बापूंना उचलून मोरीत नेणारी, त्यांना घास भरवणारी, अन् ड्युटी करून परत रात्र जागणारी ती. तिनं मान खाली घातली. मी घातली न्हाई. त्याच दिवशी ठरवलं, ह्या माणसाच्या मांडीवर माझं लेकरू कधी बसणार न्हाई. माझ्या लेकराला बी कोणीतरी असंच म्हणणार आहे ना उद्या? मंग तिच्या पहिल्या केसापासूनच त्याला उत्तर असू द्या.

अन् एक इचारते, राग येऊ देऊ नका. आलाच तर येऊ द्या. ह्यांना बहीण न्हाई, म्हणजे साळूला आत्याच न्हाई. तरी बारशाला तुम्ही एक पिढी खाली उतरून आत्या झाल्या. तिच्या कानात तुमच्या आईचं नाव सांगितलं, साळूबाई. लोक म्हणाले, एवढं जुनं नाव कशाला ठेवून राह्यल्या. मी म्हणाले, आत्याबाईंनी दिलं, तेच राहणार. तवा तुम्हाला दुसऱ्याच्या जागी बसलेलं चाललं. मंग प्रेमलालाच का न्हाई?

आणखी एक. तुमचं "प्रेमलाचं नाव परत काढू नको" हे पत्र माझ्या हातात कोणी आणून दिलं माहीत आहे का? प्रेमलानंच. टेंभुर्णी गाडीची कंडक्टर तीच आहे. तुम्ही तिला लग्नात पाह्यलं ते शालूत, म्हणून वर्दीत ओळखलं न्हाई. तिनं पत्र उघडलं न्हाई, मीच वाचून दाखवलं. तिनं पाणी पिलं अन् म्हणाली, "जाऊ दे ताई, नारळ ठेव." मी ठेवणार न्हाई.

साळू काल कोकरू सोडून क्षणभर एकटी उभी राह्यली. तुम्ही नव्हत्या पाहायला.

मोनिका

---

शेतवस्ती
१४ एप्रिल

आत्याबाई,

तुमचं उत्तर न्हाई. पण उत्तर बिभीषणनं आणलं. काल गाडी उडवत आला, बाजेवर बसला, पन्हं पिला अन् म्हणाला, "राजूरच्या आत्यांचा मला फोन आल्ता. फेटा मी घेऊन राह्यलो, तू फक्त पाटाचं पाह्य."

म्हणजे माझ्याशी बोलणार न्हाई अन् त्याच्याशी बोलणार! दहाव्याचं सगळं लिहून सांगितलं तरी तुम्ही त्यालाच फोन लावला. मला वाटलं होतं, तुम्ही रागीट आहात पण खऱ्या आहात. चुकलंच माझं.

ह्यांनी मात्र पहिल्यांदा तोंड उघडलं. बिभीषणला म्हणाले, "भाऊ, जेवायला ये. मांडी घालून बस अन् जेव. पण मांडीवर लेकरू मिळणार न्हाई." मी त्या दिवशी कालवणात मीठ बराबर घातलं.

अक्षयतृतीयेला जावळ होणार. प्रेमला बसणार. तुम्ही आल्या न्हाईत तर केस मी माझ्या पदरात घेईन. आई असले म्हणून काय झालं, पदर तर आहे.

मोनिका

---

राजूर
१७ एप्रिल

मोनिका,

तुझी जीभ कातरीसारखी हाये. मेंढ्यांना तूच कातर, माझ्या भाच्याला, गोरखला आराम पडंल.

बिभीषणला मी फोन केल्ता. खरं हाये. कशाला केल्ता ते त्यानं सांगितलं न्हाई का? "तू दहाव्याला असं बोलला का रे," एवढंच इचारायला केल्ता. मला वाटलं, पोरीच्या रागात चार शब्द वाढले असतील. तो हसून म्हणला, "खोटं काय बोललो आत्या?" मी फोन ठेवून दिला. त्याच्यावरून त्यानं फेटा कसा काढला ते त्यालाच इचार.

मंग उत्तर का दिलं न्हाई म्हणशील. काल चतुर्थी होती. मी स्वतः स्टँडवर गेल्ते, तुझ्या बहिणीला पाह्याला. तिला कळू दिलं न्हाई, पदर तोंडावर घेऊन उसाच्या गाड्याशी उभी राह्यले. गणपतीच्या गर्दीनं राजुरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेंभुर्णीची गाडी लागली अन् सगळे दारात घुसले. एक बाई कडेवर लेकरू, दोन हातांत दोन पिशव्या, तिला काही चढता येईना. प्रेमलानं तिचं लेकरू आपल्या खांद्यावर घेतलं, बाईला वर ओढली, बायांच्या सीटवरून दोन बाप्ये उठवले अन् तशीच तिकिटं फाडत मागं गेली. एकजण दात काढत म्हणला, "मॅडम, लेकरू सांभाळता का गाडी?" तर म्हणती, "दोन्ही. तुम्ही सुट्ट्याचं बोला." गाडी हलली तवा खिडकीतून दिसलं, पोरगं तिच्या खांद्यावर झोपून गेल्तं. परक्याचं पोर, एवढ्या कालव्यात!

घरी येऊन वसंताला म्हणले, अरे, ती कंडक्टरबाई मोनिकाची बहीण हाये. म्हणला, "मला माहीतच होतं." मंग सांगितलं का न्हाई? तर म्हणतो, "तू इचारलं का?" असली अवलाद हाये माझी.

आता एक तुला सांगते. वसंताच्या डाव्या कानाच्या पाळीला चीर हाये, पाह्यली असशील. तू लग्न होऊन आली तवा मी सांगितलं, लहानपणी पत्रा लागला. पत्रा न्हाई लागला. त्याच्या जावळाला तुझा सासरा, माझा भाऊ त्रिंबक, मेंढरं घेऊन बुलढाण्याच्या पल्याड गेल्ता. "अक्का, कसा बी करून येतो," म्हणून गेल्ता. मी सकाळपासून दारात जाऊन जाऊन पाह्यलं. उन्हं डोक्यावर आली तवा सासू म्हणली, ठेवा नारळ. फेटा गुंडाळून नारळ पाटावर ठेवला, वसंताला टेकवला. न्हाव्यानं वस्तरा लावला अन् पोरगं वळलं. नारळ गेला गडगडत, त्याच्या मागं पोरगं, अन् कान वस्तऱ्याखाली आला. रगात पाहून मी कानाला पदर दाबला. बाया मात्र हसल्या, "मामा पळाला, मामा पळाला" म्हणून. मी बी हसले मंग. काय करणार?

नारळ लेकराला धरत न्हाई, मोनिका. धरायला माणूस लागतं. हे मला चाळीस वरसं ठाऊक हाये, अन् तरी मी तुला लिहिलं की नारळ ठेव. रीत हाये म्हणून लिहिलं. तुझं पत्र तवापासून उशाला घेऊन झोपून राह्यले अन् माझा मलाच राग येऊन राह्यला.

मी तुझं सगळं मानलं असं समजू नको. बाईनं फेटा बांधणं माझ्या डोळ्याला अजून बरं दिसत न्हाई. पण माझ्या डोळ्याचं काय, मोतीबिंदूच हाये त्यांच्यात. अक्षयतृतीयेला मी येऊन राह्यले. नारळाला बांधलेला तो फेटा मी जपून ठेवलेला हाये. तोच आणते. अन् बांधणार मी. तुम्हा पोरींना फेटा बांधता येत न्हाई.

आई असून पदरात केस घेईन म्हणती! पदर माझा हाये. त्याला हात लावायचा न्हाई.

गोपिकाबाई

---

शेतवस्ती
२० एप्रिल

ती. आत्याबाईंना साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्राची माफी मागते. अर्ध्याचीच मागते. तुम्ही खऱ्या न्हाई म्हणाले ते मागं घेतलं. रागीट म्हणाले ते राहू द्या.

तुमचं पत्र प्रेमलानंच आणलं. ह्या वेळी तिच्यापुढंच वाचलं. उसाच्या गाड्याचं आलं तवा ती म्हणाली, "ती पदर घेतलेली म्हातारी! मला वाटलं, गाडीत चढायला भिऊन राह्यली." मंग नारळाचं वाचलं. प्रेमलानं साळूला ओढून मांडीवर घेतलं अन् तिच्या कानावरून बोट फिरवलं. साळू बडबडतच होती.

एक नवीनच झालंय आत्याबाई. आता प्रेमलाच न्हाई म्हणून राह्यली. "रखमाजी आजोबा ताटावरून उठले तर? माझ्यामुळं तुझ्या सासरी तमाशा नको." मी तिला सांगितलं, गर्दीत बाप्ये उठवते अन् एका म्हाताऱ्याला भिते का? तर रडायलाच लागली. म्हणाली, "दिवा कोण लावणार म्हणाला तवा मी काही बोलले न्हाई ताई. आता काय तोंडानं मांडी घालू?" माझ्या पदरानं मी तिचे डोळे पुसले. माझं ती ऐकत न्हाई. तुम्ही आल्यावर तुम्हीच तिला काय ते सांगा. तिनं सुट्टी टाकली आहे एवढं खरं.

अन् हो, साळू चालली! लिंबापासून बाजेपर्यंत. मधी कोकरू नव्हतं, कोणी नव्हतं. कातरणी आधीच उरकली, हे लोकर पोत्यात भरत होते, तसेच अंगाला लोकर चिकटलेले धावत आले अन् तिला उचललं, तर ती मेंढी समजून ह्यांचेच केस ओढायला लागली. आमरसाला आंबे हे जाफराबादहून आणणार आहेत. खर्चा होऊ द्या म्हणाले. तुमच्यासाठी बाज लिंबाखालीच टाकते.

मोनिका

---

राजूर
३ मे

चि. मोनिका हिस अनेक आशीर्वाद.

काल सुखानं पोचले. प्रेमलाच्याच गाडीत आले. तिनं मला खिडकीची जागा दिली अन् तिकीट फाडूनच दिलं. नात्याची सूट न्हाई म्हणली. आवडलं मला.

तू सैपाकात होती तवाचं तुला ठाऊक न्हाई, म्हणून लिहिते. फेटा बांधायला बसवली तर तुझी बहीण सारखी पाटावरून उठून राह्यली. मी तिला काही शहाणपण सांगितलं न्हाई. फेट्याचा पहिला वेढा दिला अन् कानाशी म्हणले, "बाई, हा फेटा आधी ज्याच्या डोक्याला होता तो पळून गेल्ता. तू पळणार हायेस का?" तिला हसू फुटलं. म्हणली, "न्हाई पळत." झालं, मांडी घालून बसली ती बसलीच. साळूनं फेट्याचा शेमला तोंडात धरला अन् न्हाव्याचं काम होईस्तोवर दोन दातांनी चावत राह्यली. कानाला एक ओरखडा न्हाई. मी वसंताकडं पाह्यलं तर तो आपला कान चोळून राह्यल्ता.

आता पुढचं ऐक. तू रस वाढायला आत गेली अन् रखमाजी भाऊजींनी मला बाजूला बोलावलं. बिभीषण मागं उभाच, घरून फेटा बांधून आल्ता शहाणा. भाऊजी म्हणले, "गोपिका, तू थोर असून हे कसं होऊ दिलं? हे जावळ धरायचं न्हाई. बिभीषणला बसव अन् परत कर."

माझ्या पदरात साळूचे केस होते. मऊ, घामानं ओले. मी पदर त्यांच्यापुढं उघडला. म्हणले, "हे घ्या भाऊजी. एकेक करून तिच्या डोक्याला परत लावा. सगळे लागले की मला हाक मारा. मंग परत करू जावळ."

भाऊजी पदराकडं पाहून राह्यले. मंग साळूच्या डोक्याकडं पाह्यलं, चकचकीत झालेलं. तवर ती चालत चालत येऊन त्यांच्याच धोतराला धरून उभी राह्यली. तिला काय माहीत भावकी? भाऊजी म्हणले, "रस हाये का संपला?" अन् जाऊन पंगतीत बसले. उठले न्हाईत ताटावरून. बिभीषण बी जेवला, तीन वाट्या रस पिला. तुझ्या नवऱ्यानं त्याला चौथी इचारली, तेवढा टोमणा त्याला कळला असंल तर बरं.

फेटा प्रेमलाकडंच ठेवला हाये. परत पाठवू नको. साळूच्या पाठीवर जे येईल त्याला लागंल.

रखमाजींच्या घरची बाई आज देवळाच्या वाटेवर भेटली. तिरकं तोंड करून इचारलं, "काय हो, साळूचा मामा कोण होता म्हणे?" मी सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणले, "टेंभुर्णी गाडीवर हाये. दुपारी येते. पाहून घ्या."

आता बोटं दुखून राह्यली. एवढं मी चौथीत बी लिहिलं नव्हतं. उद्या सकाळी फोन कर.

उचलते.

तुझी आत्या,
गोपिकाबाई